शब्द एकच, अर्थ मात्र वेगळा!



पाचवीच्या मुलांना फळ्यावर एक हिंदी वाक्य लिहून द्या – 'कमरा खाली है।' अर्थ विचारा. कुणीतरी हमखास सांगतं, "खोली खालच्या बाजूला आहे." या मुलाने वाक्य वाचलंय, विचारही केलाय. फक्त 'खाली' हा शब्द त्याने मराठी समजून वाचला. हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामा. अशा उत्तरावर नुसती लाल फुली मारून पुढे जाऊ नये. भाषेचा खरा पाठ तर इथूनच सुरू होतो.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात हे जास्त जाणवतं. एकाच बाकावर घरी मराठी, दखनी उर्दू आणि बंजारा बोली बोलणारी मुलं बसतात. त्यात मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे अरबी-फारसी शब्द आपल्या कानावर कायम आहेत. पण शब्द तोच असला तरी प्रत्येक घरात त्याचा अर्थ तोच असेल असं नाही.

१) मूळ एक, वाटा वेगळ्या

'शिक्षा' हा शब्द संस्कृतातल्या शिकण्याच्या धातूवरून आला. हिंदीत त्याचा अर्थ शिक्षण, मराठीत मात्र दंड. "थांब, चांगला धडा शिकवतो," असं आपण रागात म्हणतोच की! शिकवणे आणि दंड करणे ही दोन टोकं किती जवळ आहेत ते यातून कळतं.

'तालीम' म्हणजे उर्दूत शिक्षण, आपल्याकडे कुस्तीचा आखाडा किंवा नाटकाचा सराव. 'हरकत' म्हणजे अरबीत हालचाल. मराठीत "माझी हरकत आहे" म्हणजे विरोध आहे. 'चेष्टा' म्हणजे हिंदीत प्रयत्न, आपल्याकडे थट्टा.

२) मूळच वेगळं

हिंदीतला 'खाली' अरबीतून आला. मराठीतला 'खाली' हा खालचा, खालून या आपल्या कुटुंबातला. दोघांचं नातं नाही, फक्त चेहरा सारखा. तसंच हिंदीत 'आई' म्हणजे 'आली', आणि आपल्याकडे आई ती आईच!

युरोपातही हेच

इंग्रजीत 'गिफ्ट' म्हणजे भेटवस्तू. जर्मनमध्ये तोच शब्द विषासाठी वापरतात! दोन्हींचं मूळ 'देणे' हेच आहे. 'बुर्रो' म्हणजे इटालियनमध्ये लोणी आणि स्पॅनिशमध्ये गाढव. इथे मूळच निराळं. आता वरच्या वाक्यातला 'कमरा' बघा. तो पोर्तुगीजांकडून हिंदीत आला. त्याचा पूर्वज लॅटिन 'कामेरा'. इटालियनमध्ये आजही 'कामेरा' म्हणजे खोली. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून समोरच्या भिंतीवर चित्र पाडायचे, त्या 'अंधाऱ्या खोली'च्या लॅटिन नावावरून फोटोच्या कॅमेऱ्याला नाव मिळालं. म्हणजे कमरा आणि कॅमेरा हे नातेवाईक!

वर्गात काय करता येईल?

वहीत तीन रकाने आखा : शब्द, मराठी वाक्य, हिंदी किंवा घरच्या बोलीतलं वाक्य. अर्थ पाठ करून घेऊ नका, वाक्य लिहून घ्या. कारण अर्थ सोबतच्या शब्दांवरून उलगडतो. "चोराला शिक्षा झाली" आणि "उसने अच्छी शिक्षा पाई" ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की फरक मुलांना आपोआप दिसतो.

तपासताना आधी एक प्रश्न विचारा : "तुमच्या घरी या शब्दाला काय म्हणतात?" ज्या मुलाला तालीम म्हणजे शिक्षण वाटतं, त्याला चूक ठरवलं तर आपली घरची भाषाच चुकीची आहे असं ते धरून बसतं. मग हळूहळू वर्गात बोलणंच बंद करतं. तेच मूल "आमच्या घरी याचा अर्थ असा आहे" हे सगळ्यांना सांगू लागलं, तर वर्गाला एक शब्द जास्त मिळतो आणि त्या मुलाला हिंमत मिळते.

पालकांनीही घरी आजी-आजोबांना विचारून असे पाच शब्द मुलांकडून लिहून घ्यावेत. खर्च काहीच नाही, आणि मुलं हा खेळ आवडीने खेळतात. नक्की करून बघा.