आठवड्याच्या संघात गोलंदाज कोणते?

प्रश्न : आम्ही गोल बाजारातले काही दुकानदार आयपीएलच्या दिवसांत पैसे न लावता फँटसी क्रिकेट खेळतो. सोमवारी ठरवलेला संघ आठवडाभर बदलता येत नाही. गोलंदाज कसे निवडावेत?
— एक वाचक, रायपूर

उत्तर : पैसे लावत नाही, हे फार चांगलं. आधी नाव नको, वेळापत्रक पाहा. आठवड्यात दोन सामने असलेला मध्यम गोलंदाज एकच सामना असलेल्या नामवंतापेक्षा बहुधा जास्त गुण देतो. अमेरिकेत फँटसी बेसबॉल खेळणारेही आठवड्यात दोनदा चेंडू टाकणारा पिचर आधी शोधतात.

मग षटकं पाहा. टी-ट्वेंटीत प्रत्येकाला चारच मिळतात, पण शेवटच्या षटकांत फलंदाज जोखीम घेतात आणि बळी तिथेच पडतात. धावा रोखणाऱ्यापेक्षा अखेरीस चेंडू हाती घेणारा निवडा.

मैदानाबद्दल मात्र घाई नको. तुमच्याच शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर जानेवारी 2023 मध्ये न्यूझीलंड 108 धावांत गारद झाला, शमीने 18 धावांत 3 बळी घेतले. त्याच मैदानावर डिसेंबर 2025 मध्ये दक्षिण आफ्रिकेने 359 धावांचं लक्ष्य गाठलं. थंडीतल्या रात्री दव पडलं की ओला चेंडू फिरकीपटूच्या बोटांतून निसटतो. तरी डिसेंबर 2023 मध्ये इथेच, दुसऱ्या डावात, अक्षर पटेलने ऑस्ट्रेलियाचे 3 बळी 16 धावांत घेतले; तो चेंडू वेगात, यष्ट्यांच्या रोखाने टाकतो. नाणेफेक सोमवारी कळत नाही, म्हणून दोन्ही डावांत चालणारे असेच गोलंदाज घ्या.

संघ ठरवण्याआधी दुखापतींच्या बातम्या जरूर वाचा.