घोडा माणसास कसा ओळखितो

आषाढांत ज्ञानेश्वरांची पालखी पंढरपुरास जातांना आपल्या सोलापूर जिल्ह्यांत पुरंदावडे येथें गोल रिंगण होतें. अंकलीच्या शितोळे सरदारांचे दोन घोडे त्यांत धांवतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्याची पाठ मोकळी असते. भोंवतीं हजारों माणसें व टाळमृदंगांचा गजर, आणि तरी मोकळा घोडा वाट सोडीत नाहीं. घोडा मूळचा कळपांतला, भित्रा प्राणी आहे. सोबती व सवय ह्यांवर त्याचा सर्व धीर अवलंबून असतो.

माणूस सोबती कीं वैरी, हें तो फार बारकाईनें पाहतो. बर्लिन शहरीं १९०४ च्या सुमारास हॅन्स नांवाचा घोडा खुरानें ठोके देऊन बेरजा सांगे. ऑस्कर फुंग्स्ट ह्यांनीं तपासिलें तेव्हां कळलें कीं, विचारणारास उत्तर ठाऊक नसल्यास घोड्यासही तें येत नसे. योग्य ठोका पडतांच विचारणाराचें डोकें नकळत किंचित् हाले. तें पाहून हॅन्स थांबे. बेरीज त्याला येत नव्हती, पण माणूस वाचतां येत होता. माझ्या मतें हेंच अधिक नवल.

स्वीडनमधील एक प्रयोग २००९ सालीं प्रसिद्ध झाला. घोडा धरून चालणारांस सांगितलें कीं, चौथ्या फेरीस घोड्यापुढें छत्री एकदम उघडूं. ती उघडलीच नाहीं. तथापि त्या फेरीस माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले. घोड्यांस छत्रीची वार्ता कोण सांगणार?

ह्यास्तव भ्यालेल्या घोड्यास आपण स्वतः घाबरून चाबूक मारूं लागलों, तर त्याची भीति दुप्पट होते. तो उधळला म्हणजे गाडींतील बायकामुलांच्या जिवावर बेततें.

त्याचे डोळे दोहों बाजूंस असल्यामुळें त्याला बहुतेक सभोंवार दिसतें. मात्र कपाळापुढें अगदीं जवळ व शेपटाच्या थेट मागें दिसत नाहीं. मुकाट्यानें मागून गेलेलें पोर लाथ खातें, आणि आपण घोड्यास खट्याळ म्हणतों! तर दुरूनच बोलावें, खांद्याच्या बाजूनें जावें, हात हुंगूं द्यावा, मग खरारा करावा. कान आपणांकडे वळले तर लक्ष आहे. मागें चिकटले तर दूर व्हावें. अकलूजच्या घोडेबाजारांत दांत पाहण्यापूर्वीं, विकणारानें हात उचलला असतां त्या जनावराचे कान कोठें जातात, तें पाहावें.