वझ्झरची माला

आपल्या परतवाड्याजवळच्या वझ्झरची माला अनेकांना ठाऊक असेल. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जळगावच्या रेल्वे स्थानकावर ही तान्ही मुलगी कचऱ्याच्या पेटीत सापडली. दोन्ही डोळ्यांनी अंध. आईवडिलांचा शोध लागेना, म्हणून पुढे तिला वझ्झरला शंकरबाबा पापळकरांकडे पाठवले गेले. बाबांनी तिला आपले नाव दिले.

ब्रेलवर बोटे फिरवत आणि ऐकून ऐकून ती शिकली, अमरावतीत पदवीधर झाली. एमपीएससीत आधी अपयश आले. 2024 मध्ये लिपिकाची परीक्षा ती पास झाली.

आम्हाला सिएरा लिओनची मायकेला डीप्रिन्स आठवते. अंगावर कोड, म्हणून अनाथालयात 27 मुलांत तिचा नंबर 27 वा. दत्तक घरी बॅले शिकून ती डच नॅशनल बॅलेत नाचली. 2024 मध्ये, अवघ्या 29 व्या वर्षी ती वारली.

शंकरबाबांना त्याच वर्षी पद्मश्री मिळाली. त्यांची मागणी मात्र जुनीच आहे: अठरा वर्षे झाली म्हणून अनाथ दिव्यांगांना बालगृहाबाहेर काढू नये, तसा कायदा व्हावा. अठराव्या वर्षी बाहेर पडावे लागले असते तर माला कुठे राहून अभ्यास करणार होती, हे आपण एकमेकांना विचारून पाहावे.