चित्र पूर्ण झाल्यावर उदास का वाटतं?

प्रश्न : मी हौसेने चित्रं काढते. काम चालू असताना तहानभूक विसरते. पण चित्र संपलं की आनंदाऐवजी उदास वाटतं. माझं काही चुकतंय का?
– एक वाचक

उत्तर : मुळीच नाही. एडवर्ड गिबन या इंग्रज इतिहासकाराने रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास सहा खंडांत लिहिला. २७ जून १७८७ च्या रात्री, स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे, शेवटचं पान लिहून त्याने लेखणी खाली ठेवली आणि बागेतल्या वाटेवर फेऱ्या घातल्या. आत्मचरित्रात तो सांगतो, की आधी सुटकेचा आनंद झाला. पण जुना सोबती कायमचा दुरावला या जाणिवेने मन लगेच खिन्न झालं.

तुमचंही तेच होत असणार. चित्र चालू असतं तेव्हा ते स्वयंपाक करतानाही डोक्यात घोळत असतं : आभाळ फार गडद झालं का, झाडामागे उजेड हवा का? चित्र संपतं त्या दिवशी हे घोळणं थांबतं. शिवाय तोवर ते कसंही होऊ शकत होतं. आता जे आहे तेच राहणार. म्हणजे सोबत सुटते आणि मनातल्या चित्राचीही आशा सोडावी लागते.

काहींना हे फार जड जातं. फ्रेंच चित्रकार पिएर बोनार संग्रहालयात लागलेल्या स्वतःच्या चित्रांवरही गुपचूप रंगाचा हात फिरवायचा, असं सांगतात. १९४७ साली, मृत्यूच्या थोडं आधी, बहरलेल्या बदामाच्या झाडाचं चित्र त्याला खटकत होतं. हातात बळ नव्हतं, म्हणून त्याने पुतण्याकडून एका कोपऱ्यातला हिरवा रंग बदलून तिथे पिवळा लावून घेतला.

मात्र बोनारला नेमकी जागा आणि नेमका रंग ठाऊक होता. हीच कसोटी तुम्ही लावा. संपलेलं चित्र काही दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवा. नंतर पाहताना अमुक जागी अमुक रंग हवा, असं स्पष्ट सांगता आलं तर खुशाल दुरुस्त करा. नुसतीच हुरहुर वाटत असेल, तर ती चित्रातली उणीव नव्हे, तुमची माया आहे. तेव्हा ब्रश लावू नका. सही करा, तारीख घाला आणि नवा कागद ताणायला घ्या.