रडणारा सोबती

वर्गात एखादे मूल रडू लागले की इतर मुलांच्या वागण्याच्या तीन तऱ्हा दिसतात. काही जण त्याला ‘रडूबाई’ म्हणून चिडवतात. काही मान फिरवतात. काही मात्र भोवती गर्दी करून ‘काय झाले? कोणी मारले?’ असे विचारत राहतात. चिडवणे वाईट, हे शिक्षकाला सांगावे लागत नाही. पण प्रश्नांच्या भडिमारानेही रडणारे मूल अधिकच लाजते, हे सहसा ध्यानात येत नाही.

दुसऱ्याचे दुःख पाहून अस्वस्थ होणे ही मुलाची उपजत वृत्ती होय. एक तान्हे मूल रडू लागले की शेजारचेही रडू लागते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन हॉफमन यांनी वर्षभराच्या एका मुलाचे उदाहरण दिले आहे. सोबती रडताना पाहून तो आपल्या आईला घेऊन आला. वास्तविक सोबत्याची आई तेथेच होती. त्याचा कळवळा खरा होता. परंतु आपल्याला ज्याने बरे वाटते त्यानेच दुसऱ्यालाही बरे वाटेल, अशी त्याची समजूत होती. दुसऱ्याला काय हवे आहे, हे जाणून घेणे मात्र शिकावे लागते.

ते कसे शिकवावे? हॉफमन यांच्या मते, नुसत्या शिक्षेपेक्षा मुलाला त्याच्या कृतीचा परिणाम दाखवून देणे अधिक उपयोगी पडते. ‘तू धक्का दिलास, तिच्या वहीवर शाई सांडली, आता तिला सगळे पुन्हा लिहावे लागेल’, एवढे शांतपणे सांगितल्यास मुलाचे लक्ष स्वतःच्या भीतीकडून सोबतिणीच्या दुःखाकडे वळते. सर्वांदेखत जबरदस्तीने मागायला लावलेली क्षमा केवळ ओठांवरच राहते.

तथापि, मुले शब्दांपेक्षा आचरणावरून अधिक शिकतात. साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, अंथरुणे आवरीत, आजारी मुलांची शुश्रूषा करीत. या सेवेचा गाजावाजा नसे. त्यामुळे ती घेणाऱ्याला ओशाळे वाटण्याचे कारण नव्हते. १९३० मध्ये स्वातंत्र्यलढ्यासाठी त्यांनी शाळा सोडली. पण शिक्षकाचे वात्सल्य कसे असावे, याचा तो आदर्श आजही सांगितला जातो.

वर्गात यातून काही साध्या सवयी लावता येतात. रडणाऱ्याला हसू नये. एकानेच जवळ जावे आणि ‘मी इथे बसू का?’ असे हळूच विचारावे. ‘नको’ म्हटल्यास रागावू नये. थोडे दूर, पण दिसेल असे थांबावे. पाणी आणून द्यावे. नंतर ती गोष्ट इतरांना सांगत फिरू नये.

या सवयींचा सराव काल्पनिक गोष्टींतून किंवा छोट्या नाटुकल्यांतून घ्यावा. जे मूल खरोखर रडत आहे, त्यालाच उभे करून वर्गाला पाठ देऊ नये. त्या क्षणी सगळा वर्ग शिक्षकाकडे पाहत असतो. शिक्षक त्या मुलाची लाज राखतो की नाही, यावरूनच मुले शिकतात.