वेबसाइट अपडेट होत नाहीये? गिटचा एरर आधी नीट वाचा

दुकानाची वेबसाइट तुम्ही स्वतः बनवली असेल किंवा कुणाकडून करून घेतली असेल, तरी तिचा कोड गिटहबवर असू शकतो. गिट म्हणजे कोडची खातेवही. कोणी, कधी, काय बदललं, सगळ्याची नोंद त्यात राहते.

आता सण तोंडावर आलाय, नवे भाव टाकायचेत आणि स्क्रीनवर एरर. अशा वेळी कोणीतरी सांगतं, "सिक्युरिटी चेक बंद करा, चालू होईल." थांबा! चेक बंद करणं म्हणजे चावी सापडत नाही म्हणून दुकानाचं शटर रात्रभर उघडं ठेवणं.

सुरक्षित कनेक्शनमध्ये दोनच प्रश्न असतात. सर्व्हर तुम्हाला ओळखतो का? आणि तुम्ही सर्व्हरला ओळखता का? एरर यातल्या कुठल्या प्रश्नाचा आहे हे कळलं की अर्धं काम झालं.

सर्व्हर तुम्हाला ओळखत नाही

१. "परमिशन डिनाइड, पब्लिक की." खाली "रिमोट रिपॉझिटरी वाचता आली नाही" असंही येतं आणि लोक घाबरतात की कोड गेला. कोड कुठेही गेलेला नाही, फक्त तुमची ओळख पटलेली नाही. नवीन लॅपटॉप घेतला की हे हमखास होतं. नवीन एसएसएच की बनवा आणि त्यातली पब्लिक की गिटहबच्या सेटिंगमध्ये टाका. प्रायव्हेट की मात्र कोणालाही व्हॉट्सॲप करायची नाही.

नंतर टेस्ट कमांड द्या. उत्तरात "शेल ॲक्सेस देत नाही" असं येतं आणि पुन्हा नकार मिळाला असं वाटतं. पण त्याच ओळीत तुमचं युजरनेम आणि "सक्सेसफुली ऑथेंटिकेटेड" आहे ना? मग झालं काम!

२. पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातो. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहब कोड पाठवताना अकाउंटचा पासवर्ड घेत नाही. त्याजागी टोकन किंवा एसएसएच की लागते.

३. "रिपॉझिटरी नॉट फाउंड." याचा अर्थ ती डिलीट झाली असाच नाही. रिपॉझिटरी प्रायव्हेट असेल आणि तुम्हाला परवानगी नसेल, तर ती आहे हेसुद्धा गिटहब सांगत नाही. लिंकचं स्पेलिंग आणि लॉगिन कुठल्या अकाउंटचं आहे, हे दोन्ही बघा.

तुमचा कॉम्प्युटर सर्व्हरला ओळखत नाही

४. "रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन बदललं आहे." एक तर सर्व्हरने खरंच की बदलली आहे, नाहीतर मध्ये कोणी तोतया बसला आहे. २४ मार्च २०२३ ला गिटहबने स्वतःची आरएसए की बदलली, कारण तिचा खाजगी भाग थोडा वेळ एका पब्लिक रिपॉझिटरीत उघडा पडला होता. तेव्हा अनेकांना हाच इशारा दिसला. अशा वेळी गिटहबच्या अधिकृत पानावरचा फिंगरप्रिंट जुळवा. जुळला तर जुनी नोंद काढून नवीन घ्या. जुळला नाही तर तिथेच थांबा, आणि फुकटच्या वायफायवर असाल तर आधी नेटवर्क बदला.

५. "एसएसएल सर्टिफिकेट प्रॉब्लेम." आधी कॉम्प्युटरची तारीख बघा, मग गिट आणि विंडोज अपडेट करा. अँटिव्हायरस किंवा ऑफिसचं फायरवॉल मध्ये येतंय का तेही तपासा. "एसएसएल व्हेरिफाय फॉल्स" करू नका. ते केलं की तोतया सर्व्हरही खरा मानला जातो आणि तुमचं टोकन थेट त्याच्या हातात जाऊ शकतं. वर ती सेटिंग ग्लोबल केली असेल, तर काम झाल्यावरही तशीच राहते.

आजचा गृहपाठ

- रिपॉझिटरी कोणाच्या अकाउंटवर आहे ते विचारा. मालकी तुमच्या नावावर आणि डेव्हलपरला फक्त कामापुरता ॲक्सेस, असंच हवं.
- टू-स्टेप लॉगिन चालू करा. रिकव्हरी कोड कागदावर लिहून दुकानाच्या कागदपत्रांसोबत ठेवा.
- काम सोडून गेलेल्या माणसाचा ॲक्सेस त्याच दिवशी काढा.
- मदत मागताना नुसतं "चालत नाही" म्हणू नका. टोकन झाकून एररचा पूर्ण मजकूर पाठवा.

जागेचा करार आपण स्वतःच्या नावावर करतो. तसंच कोडचंही करा. वरच्या सगळ्या कमांड व्हिडिओत एकेक करून टाइप करून दाखवल्या आहेत. लॅपटॉप समोर ठेवूनच बघा. भेटू पुढच्या भागात!