काजळी : शेगडीचे एक लक्षण

लक्षण आणि रोग यांतील भेद आपल्याला विद्यार्थीदशेतच शिकविला जातो. तोच भेद घरातील शेगडीलाही लागू पडतो, हे मात्र मला फार उशिरा, आणि स्वतःच्या चुकीतून उमगले.

काही वर्षांपूर्वीच्या जानेवारीत लालबाग भागातील एक मावशी दवाखान्यात आल्या. निम्मे आयुष्य पऱ्हाट्या-तुराट्यांच्या चुलीपुढे गेलेले. श्वासनलिकांचा जुनाट दाह, इन्हेलर चालू. दम वाढला होता आणि आठवडाभर डोके जड होते. ऑक्सिमीटरचा आकडा ९६. औषध बदलून मी त्यांना निरोप दिला. उठता उठता सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, डोकं तर माझंही दुखतं. अन् हल्ली भांडी फार काळी होतात." मी ते कानाआड केले. तिसऱ्या दिवशी दोघीही मळमळीची तक्रार घेऊन आल्या तेव्हा ते वाक्य आठवले, आणि संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो.

स्वयंपाकघरात जळगावच्या नातलगांकडून आलेली पंख्याची शेगडी होती. शेतातील काडीकचरा दाबून केलेल्या कांड्यांवर, म्हणजे पेलेटवर, ती चालते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधनावर आधारलेली 'ऊर्जा' नावाची अशी शेगडी २००६ च्या सुमारास महाराष्ट्रात बरीच खपली. पुढे कांड्या महागल्या आणि घरगुती वापर ओसरला. तिची रचना मोठी युक्तीची आहे. कांड्या वरून पेटवायच्या. तळाच्या जाळीतून येणारी थोडी हवा त्यांचा वायू करते आणि वरच्या छिद्रांतून येणारी हवा तो वायू जाळते. दोन्ही हवा एकच लहान पंखा पुरवितो. यांतील एक वाट जरी अडली, तरी वायू अर्धवट जळतो आणि कार्बनचे कण भांड्याच्या बुडाला चिकटतात. तीच काजळी.

मावशींच्या शेगडीची ज्योत उंच, पिवळी आणि सुस्त होती. प्रथम इंधन पाहिले. कांड्यांचे पोते ओलसर भिंतीला टेकलेले. कांडी बोटांत धरताच तिचा भुगा झाला. ओलाव्याने आच मंदावते आणि भुगा हवेच्या वाटा बुजवितो. शिवाय आच कमी वाटली की सूनबाई वरून आणखी मूठभर कांड्या टाकीत. त्या वरच्या छिद्रांपर्यंत येत आणि धूर वाढे.

शेगडी थंड झाल्यावर राख उपसली, तेव्हा जाळीवर वीटभट्टीतील खंगरासारखे काचेरी खडे सापडले. लाकडाच्या चांगल्या कांड्यांत राख शेकडा एकाच्या आसपास असते, भाताच्या तुसात ती पंधरा ते वीसपर्यंत जाते. शेतकचऱ्याच्या राखेत सिलिका आणि पोटॅश एकत्र आले की ती कमी उष्णतेलाही वितळते आणि जाळीवर थिजते. आपल्या केळीच्या मुलखात हे विशेष ध्यानात ठेवावे. केळीच्या खांबात पोटॅश भरपूर असते. खडे काडीने टोकरून काढले, छिद्रे मोकळी केली. पंख्याच्या पात्यांवर राख आणि फोडणीचे तेल यांचा थर बसला होता. तो कोरड्या कुंचल्याने झाडला. बॅटरीही अर्धीच भरलेली निघाली.

एवढे झाल्यावर ज्योत आखूड आणि चपळ झाली. पण माझे लक्ष खिडकीकडे होते. थंडीमुळे ती बंद, आणि स्वयंपाक आटोपल्यावर उरलेल्या निखाऱ्यांवर मावशी हात शेकत बसत. येथेच खरा धोका होता. ज्योत विझून निखारे धुमसू लागले की धूर दिसत नाही, परंतु कार्बन मोनॉक्साइड मात्र बराच निघतो. हिमोग्लोबिनशी त्याची ओढ प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक आहे, आणि नेहमीचा ऑक्सिमीटर त्या रक्तालाही प्राणवायूयुक्त समजतो. मी ज्या ९६ वर विसंबलो, तो आकडा या बाबतीत काहीच सांगत नव्हता. एका घरातील दोघींची डोकेदुखी एकाच वेळी सुरू होते, हे ऐकताच कार्बोक्सिहिमोग्लोबिनची तपासणी सुचायला हवी होती.

खिडकी उघडून घेतली. शेगडी मोरीजवळच्या उघड्या पडवीत गेली. राख रोज, पूर्ण थंड झाल्यावर, सूनबाईंनी तोंडाला फडके बांधून काढायची. निखारा राखेत तासन् तास जिवंत राहतो, म्हणून ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घराबाहेर ठेवायची. मावशींनी त्या कामाला हात लावायचा नाही, हे मी जरा दरडावूनच सांगितले. कांड्यांचे पोते फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर गेले.

चार दिवसांत दोघींची डोकेदुखी थांबली. मावशींचा दम जुनाच, तो इन्हेलरसह राहिला. तेव्हापासून माझ्या केसपेपरवर व्यसनांच्या रकान्याखाली आणखी एक ओळ असते : घरात शेगडी कोणती, आणि खिडकी उघडी असते का. थंडीच्या दिवसांत ती ओळ मी स्वतः भरतो, कंपाउंडरवर सोडत नाही.